कोरियाला जाताना अक्षरं घेऊन जा

कोरियातल्या सुवॉन शहरातल्या त्या बसमध्ये शेवटी दोघंच उरलो, चालक आणि मी. लेकीच्या घरून भाजीबाजाराला निघाले होते. बसचा नंबर बरोबर होता, दिशा उलटी होती. प्रत्येक थांब्याचं नाव बसमध्ये ऐकू येत होतं, पुढच्या पडद्यावर उमटत होतं, बाहेर पाटीवरही होतं. मधूनच इंग्रजी नाव यायचं, पण मी चष्मा सावरेपर्यंत नाहीसं व्हायचं. फोनवरचा नकाशा उघडला, तर त्यात एक निळा ठिपका आणि चहूकडे तीच गोल-चौकोनी अक्षरं.

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. शाळा सुटल्यावर दारात थांबून "बाई, एवढा कागद वाचून दाखवता का?" म्हणणाऱ्या आया मला आठवतात. मी वाचत असताना त्या कागदाकडे बघायच्याच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्या बसमध्ये मी तशीच चालकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हातानेच "बसा" म्हणून खुणावलं, थर्मासमधलं काहीतरी गरम प्याले, दहा मिनिटांनी बस वळवली आणि मला माझ्या थांब्यावर सोडलं. कार्ड टेकवायला गेले तर नको म्हणाले.

त्या रात्री लेकीला म्हटलं, मला यांची अक्षरं शिकव. ती म्हणाली, "आई, कॅमेरा धरला की फोन भाषांतर करतो." म्हटलं, करू दे, तरी शिकव.

ही २०२४च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी अडीच महिने राहिले. परत आल्यापासून ओळखीची माणसं विचारायला येतात, कारण आता घराघरांत कोरियन मालिका बघतात, नातवंडांच्या खोलीत बीटीएसची चित्रं असतात, आणि रांजणगावच्या कोरियन कारखान्यामुळे पुण्यात कोरियन शेजारीही भेटतात. व्हिसा कसा काढायचा, सोलमध्ये काय बघायचं, असे प्रश्न असतात. मी आधी विचारते, जायला किती दिवस आहेत? आठवडा असेल तर पुरे. रोज संध्याकाळी तासभर बसा आणि हंगुल शिका.

हंगुल म्हणजे कोरियन लिपी. राजा सेजोंगने ती १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली लोकांपुढे ठेवली. त्याआधी माणसं कोरियन बोलायची आणि लिहायची मात्र चिनी अक्षरांत. ती अक्षरं हजारोंनी, शिवाय दुसऱ्याच भाषेसाठी घडलेली. शेतात राबणाऱ्याला ती शिकायला सवड कुठून मिळणार? आपल्या प्रजेला मनातलं लिहिता येत नाही याचं त्या राजाला वाईट वाटलं आणि त्याने अठ्ठावीस अक्षरं घडवली. आज त्यांतली चोवीस वापरात आहेत, चौदा व्यंजनं आणि दहा स्वर. दरबारातल्या पंडितांना हे रुचलं नाही. १४४४ साली छे मान्री नावाच्या विद्वानाने पुढाकार घेऊन राजाकडे लेखी विरोध नोंदवला. पुढची कित्येक शतकं उमराव घराण्यातले पुरुष चिनीच लिहीत राहिले आणि हंगुलला बायकांची लिपी म्हणून कमी लेखत राहिले. ती टिकली, त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

मला या लिपीने पहिल्याच संध्याकाळी धरून ठेवलं, त्याचं कारण शिक्षकाला चटकन कळेल. ग हे अक्षर म्हणजे काटकोनात वळलेली एक रेघ. ग म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो, त्याचं ते चित्र आहे. न म्हणजे डावीकडे उभी आणि तळाला आडवी रेघ. जिभेचं टोक वर टेकलेलं आहे. म म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. स म्हणजे उतरत्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, दाताचं टोक. आणि कंठासाठी नुसता गोल. आता त्या काटकोनी ग मध्ये एक रेघ वाढवली की होतो ख. श्वास वाढला, रेघ वाढली.

वर्गात मी क-ख-ग-घ-ङ घोकून घेत असे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा आपल्या वर्णमालेचा क्रम किती शास्त्रशुद्ध आहे ते वरच्या वर्गांतल्या मुलांना आनंदाने सांगत असे. पण देवनागरीतला क बघून ख ओळखता येत नाही. नातं क्रमात आहे, आकारात नाही. हंगुलमध्ये ते नातं डोळ्यांना दिसतं. आणि यात आपलाही एक धागा आहे. संस्कृतचा वर्णविचार बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये पोचला, तिथल्या उच्चारशास्त्रावर त्याचा ठसा उमटला, आणि ते शास्त्र सेजोंगने कसून अभ्यासलं होतं. कंठ, जीभ, ओठ, दात अशी व्यंजनांची वाटणी त्याच्या ग्रंथातही आहे. पाणिनीच्या देशातून आलेल्या बाईला ती अक्षरं परकी वाटली नाहीत, यात नवल नाही.

अक्षरं एकापुढे एक न लिहिता चौकटीत रचतात. व्यंजन, त्याच्या उजवीकडे किंवा खाली स्वर, आणि सगळ्यांत खाली हवं तर आणखी एक व्यंजन. या तळच्या व्यंजनाला बात्छिम म्हणतात. बात्छिम म्हणजे टेकू. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ही रचना अर्ध्या तासात कळते. मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. क आणि ख यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना कष्टाने शिकावा लागतो, आपल्याला तो आईच्या मांडीवर येतो. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ग मात्र क सारखा ऐकू येतो आणि ब हा प सारखा. जुन्या नकाशांवर पुसान आणि नव्या नकाशांवर बुसान दिसतं ते यामुळे. गाव एकच आहे, रोमन लिपीत लिहिण्याचे सरकारी नियम २००० साली बदलले.

चार दिवसांनी मी त्याच बसमध्ये बसले आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. अर्थ कळत नव्हता, पण तोंडाने उच्चार केला की एखादा शब्द ओळखीचा निघायचा. खोपी म्हणजे कॉफी, कारण त्यांच्याकडे इंग्रजी एफचा उच्चार नाही. बोसु म्हणजे बस. थेक्शी, होथेल, पिजा. एका पाटीवर वाचलं, खा-रे. आमच्याकडे पाटावर बसलेल्या पोराला म्हणतात तसं, खा रे. ती कढी-रश्श्याची, म्हणजे करीची पाटी होती. निरक्षर माणूस साक्षर होतो तेव्हा पाट्याच आधी वाचतो. माझ्या वर्गातली मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर एसटीचे बोर्ड मोठ्याने वाचत यायची, तोच आनंद मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाला.

व्याकरणही जवळचं आहे. हाक्क्यो म्हणजे शाळा, गायो म्हणजे जाते. हाक्क्यो-ए गायो, शाळेला जाते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटून, आणि "मी" म्हटलंच पाहिजे असं नाही. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलतं, जसं आपलं ये आणि या. नवख्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी यो लावावं, आदर राहतो. पैसे, कार्ड, कप, काहीही देताना-घेताना दोन्ही हात पुढे करावेत. माणसं वय विचारतात, त्याचा राग मानू नये, कुणाला काय म्हणून हाक मारायची ते त्यावर ठरतं. जून २०२३पर्यंत तिथे जन्मलेलं मूल एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचं वय एकदम वाढत असे. आता कायद्याने जगासारखं वय मोजतात, पण म्हातारी माणसं जुनंच सांगतात.

९ ऑक्टोबर हा तिथे लिपीचा दिवस. सरकारी सुट्टी असते. एका लिपीसाठी अख्खा देश सुट्टी घेतो हे ऐकून मी लेकीला म्हटलं, मला त्या दिवशी सोलला ने. ग्वांग्ह्वामुन चौकात सेजोंगचा बसलेला सोनेरी पुतळा आहे, हातात उघडं पुस्तक. २००९ साली याच तारखेला तो उभारला. पुतळ्याच्या खाली तळघरात त्याच्या कामाचं प्रदर्शन आहे, तिकीट नाही. मागे ग्योंगबोकगुंग राजवाडा. १३९५ साली बांधलेला. याच आवारात सेजोंगच्या विद्वानांची सभा भरायची. हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक वेश, भाड्याने घेऊन गेलं तर राजवाड्यात फुकट सोडतात, म्हणून तरुण पोरीबाळी रंगीत घेरदार घागऱ्यांत हिंडत असतात. मंगळवारी राजवाडा बंद असतो, एवढं लक्षात ठेवा. त्याच्या दरवाज्यावरची पाटी २०२३ साली नव्याने बसवली, काळ्यावर सोनेरी चिनी अक्षरांत. हंगुलच्या राजाच्या पाठीशी चिनी पाटी का, असा वाद तिथे झडला. जुनं होतं तसं राखावं हे एका बाजूचं म्हणणं. मला विचाराल तर पाटी हंगुलमध्येच हवी होती.

पण त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त भिडली ती सोलच्या रेल्वे स्थानकाची गोष्ट. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शेवटी शेवटी शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. काही अभ्यासक कोरियन शब्दकोश तयार करत होते. १९४२ साली त्यांना पकडलं, हस्तलिखितं पुरावा म्हणून जप्त झाली. काही जण तुरुंगातच वारले. देश सुटला आणि १९४५च्या सप्टेंबरमध्ये सोल स्थानकाच्या मालगोदामात ती हस्तलिखितं सापडली. त्यावरूनच पुढे मोठा शब्दकोश छापला गेला. जुन्या स्थानकाची लाल विटांची, घुमटाची इमारत अजून आहे, नव्या स्थानकाला लागूनच. विमानतळाची गाडी इथेच येते, त्यामुळे बरेच प्रवासी या इमारतीसमोरून जातात. मी तिथे थांबले. शब्दांच्या पेट्या कुठेतरी पोत्यांमागे पडून होत्या आणि कुणीतरी त्या उघडल्या, या विचाराने माझे डोळे भरून आले.

सुवॉनमध्ये राहात होतो, म्हणून ह्वासोंगबद्दलही सांगते. शहराला वेढणारा हा कोट राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ या काळात बांधला. तटावरून सगळी फेरी मारली तर पावणेसहा किलोमीटर होते. कोट सुंदर आहे, पण त्याची बांधकामवही त्याहून मोलाची. कुठल्या कारागिराने किती दिवस काम केलं, त्याला किती मजुरी दिली, हे नावानिशी लिहून ठेवलंय. युद्धात पडलेला कोट त्या वहीवरून पुन्हा उभा करता आला.

आता जेवणाचं. मी माळकरी. मांस, मासे, अंडं नाही, आणि आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूणही नाही. कोरियात लसणाशिवाय पान हलत नाही. भाज्यांवर वाळवलेल्या बारीक मासळीचा रस्सा असतो, किमची या त्यांच्या आंबवलेल्या भाजीत जोत्गाल असतं. जोत्गाल म्हणजे खारवून मुरवलेला जवळा किंवा मासळी. हॉटेलवाला "मांस नाही" म्हणतो ते मनापासून म्हणतो, पण मासळीचं पाणी त्याच्या हिशेबात मांस नसतं. इथे अक्षरं पोटाशी आली. पाकिटांच्या मागे, ज्या पदार्थांनी कुणाला त्रास होऊ शकतो त्यांची नावं वेगळ्या चौकटीत छापतात. मी वहीत शब्द लिहून घेतले. सोगोगी गाईचं मांस, द्वेजीगोगी डुकराचं, सेउ कोळंबी, म्योल्छी ती बारीक मासळी, केरान अंडं, मानुल लसूण. दुकानातल्या कप्प्यासमोर उभी राहून एकेक पाकीट उलटं करून वाचायचे. फोनच्या भाषांतराने एकदा सोयाबीनच्या पिठाला भलतंच काही म्हटलं होतं, वहीने मला एकदाही फसवलं नाही.

शाकाहारी माणसाने बिबिम्बाप मागवावा. गरम भातावर सात-आठ भाज्या वेगवेगळ्या मांडलेल्या, गोचुजांग ही मिरचीची तिखट चटणी घालून आपण कालवायचं. "गोगी, केरान प्पे जुसेयो" म्हणजे मांस-अंडं वगळून द्या. किम्बाप दिसायला साधा भाताचा रोल, पण आत हॅम, खेकड्याच्या नावाची मासळी, अंड्याची पट्टी असते. विचारल्याशिवाय खाऊ नका. चमचे-काड्या बहुधा टेबलाच्या कडेच्या खणात असतात. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात पितरांना ठेवतात. पैसे दाराशी काउंटरवर द्यायचे, टिप देत नाहीत.

आणि वाढणाऱ्या बाईंना हाक कशी मारायची? लेकीच्या मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलाने ओरडून म्हटलं, "इमो!" बाई लगबगीने आल्या, भाज्यांच्या वाट्या पुन्हा भरून गेल्या. वरच्या वाट्या कितीदाही मागता येतात, त्यांचे पैसे नाहीत. इमो म्हणजे काय, मी विचारलं. लेक म्हणाली, "आईची बहीण." म्हणजे मावशी! आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या मावशी, दवाखान्यातल्या मावशी, खानावळीतल्या मावशी. दोन देशांत इतकं अंतर, आणि घराबाहेर माया मागायची तर दोघांनाही आईची बहीणच आठवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हेइन्साला गेलो. "सा" म्हणजे देऊळ, मठ. सुवॉनहून देगूपर्यंत मुगुंग्ह्वा नावाची सावकाश जाणारी गाडी घेतली. मुगुंग्ह्वा हे त्यांचं राष्ट्रीय फूल, आपल्या जास्वंदीच्या कुळातलं. केटीएक्स वेगाने नेते, पण मला थांबे वाचायचे होते. वाटेत वेग्वान लागलं, छिल्गोक परगण्यातलं स्थानक. छिल्गोकच्या आज्यांबद्दल लेकीने मला आधीच सांगितलं होतं. लहानपणी शाळेत जाता न आलेल्या बायका सत्तरी-ऐंशीत हंगुल शिकल्या, कविता लिहू लागल्या. त्यांच्यावर २०१९ साली माहितीपट निघाला. २०२० साली त्यांच्यातल्या पाच जणींच्या हस्ताक्षरांवरून पाच फॉन्ट तयार झाले. त्यासाठी प्रत्येकीने सुमारे दोन हजार कागद लिहून भरले. आठ आज्यांचा एक गट तर २०२३पासून रॅप गातो. लेकीने त्या फॉन्टमधली पानं फोनवर दाखवली. रेघा थरथरलेल्या, गोल पुरे न मिटलेले, एखादं अक्षर ओळीबाहेर. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा मला आठवली, गुलाबी साडी नेसून पाठीवर दप्तर घेतलेल्या आज्या. वेग्वानला गाडी मिनिटभर थांबली तेवढ्यात मी फलाटावरच्या म्हाताऱ्या बायका न्याहाळल्या.

देगूला भुयारी रेल्वेने पश्चिम बसस्थानकाला जायचं असतं. स्थानकाचं नाव मी पाटीवर अक्षर अक्षर लावून वाचलं आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "सोंगदांगमोस?" ती हसली, "मोत." मी पुन्हा पाटीकडे बोट केलं. तळाला स होता, मी तर बरोबरच वाचलं होतं. तिने तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवलं. टेकूला आलेला स मिटून जातो, त्याचा त होतो. च, ज, थ, तळाशी आले की सगळे त. मोत म्हणजे तळं. माझ्या आयुष्यात मला शुद्धलेखन शिकवणारी एवढी लहान बाई दुसरी भेटली नाही.

तिथून बसने दीड तास. गयासान डोंगरात, लाल-पिवळ्या मेपलच्या झाडीत हेइन्सा आहे, ८०२ साली स्थापन झालेलं. सगळ्यांत वर, पायऱ्या चढून गेल्यावर, लांबलचक साध्या कोठारांत ८१,२५८ लाकडी ठसे उभे रचून ठेवलेत. बौद्ध त्रिपिटकाचे. आधीचा संच १२३२ साली मंगोल स्वारीत जळाला, म्हणून त्याच युद्धाच्या धामधुमीत तेराव्या शतकात हा पुन्हा कोरला. पाच कोटींवर चिनी अक्षरं, प्रत्येक उलटं कोरलेलं, म्हणजे छापल्यावर सुलटं उमटावं. कोठारांना दारं-खिडक्या आहेत, काच नाही, यंत्र नाही. दक्षिणेच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, उत्तरेच्या भिंतीत नेमकं उलट. वारा खालून आत येतो, फिरतो, वरून निघून जातो. जमिनीखाली कोळसा, मीठ, चुना, माती यांचे थर आहेत. लाकूड कुजलं नाही. १९५१ साली, कोरियन युद्धात, या डोंगरात लपलेल्या बंडखोरांवर बॉम्ब टाकायचा हुकूम किम योंगह्वान नावाच्या वैमानिक अधिकाऱ्याला मिळाला होता. त्याने हेइन्सावर बॉम्ब टाकायचं नाकारलं. त्याच्या नावाचं स्मारक देवळाजवळ आहे.

जाळीला नाक लावून मी आत पाहिलं. अंधारात ठशांच्या काळ्या कडा रांगेने दिसत होत्या. माहितीफलकावर कोठाराचं नाव हंगुलमध्ये होतं. लावून वाचलं, सु-दा-रा-जांग. जांग म्हणजे कोठार. सुदारा? पुन्हा वाचलं, मोठ्याने. सुदारा, सुत्रा, सूत्र. आपल्याकडचा शब्द, चीनमधून फिरून, तोंडं बदलून, इथे डोंगरावर कित्येक शतकं राहिलेला. आठव्या शतकात ह्येचो नावाचा एक कोरियन भिक्षू आपल्या देशात आला होता. मध्य, दक्षिण, पश्चिम, उत्तर भारत फिरून त्याने प्रवासवर्णन लिहिलं. ते १९०८ साली चीनमधल्या दुन्ह्वांगच्या गुहेत सापडलं, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तो समुद्रमार्गे आला होता. फोन धरून कोठाराचं नाव वाचलं असतं तर पडद्यावर नुसतं "ग्रंथकोठार" उमटलं असतं आणि मी पुढे गेले असते.

रात्री देवळातच राहिलो. देवळात मुक्कामाची ही सोय २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झाली, आता देशभर आहे. सैल कपडे देतात. गरम जमिनीवर गादी. तिथल्या घरांत जमीन खालून तापवतात, तिला ओन्दोल म्हणतात, गुडघे दुखणाऱ्यांना त्याचं मोल कळेल. पहाटे अंधारात ढोल, लाकडी मासा, ढगाच्या आकाराची तबकडी आणि घंटा एकामागून एक वाजतात, पाण्यातले, आकाशातले, जमिनीवरचे सगळे जीव जागे व्हावेत म्हणून. सकाळी एकशे आठ नमस्कार घालत एकेक मणी दोऱ्यात ओवायचा. एकशे आठ हा आकडा मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. नमस्कार मात्र चाळीसच झाले, बाकीचे लेकीने घातले.

आणि जेवण. देवळाच्या स्वयंपाकात मांस-मासळी नाही, आणि लसूण, कांद्याची पात अशा पाच उग्र भाज्याही नाहीत. आमचा चातुर्मास चालू होता, त्यांचा तर बाराही महिने. भात, सोयाबीनच्या आमटीसारखं पातळ, कमळाच्या देठांचे गोड-खारट काप, रानभाज्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा घराबाहेर मी काही न विचारता, काही न वाचता पोटभर जेवले. पानात टाकायचं नाही हा नियम. भिक्षूंची जुनी रीत तर अशी की चार वाडगी असतात, जेवून झाल्यावर वाचवून ठेवलेल्या मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने ती पुसायची, पाणी फिरवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आमची आजी ताट धुऊन पाणी प्यायची.

नोव्हेंबर संपता संपता थंडीने जोर धरला आणि किमजांगचे दिवस आले. किमजांग म्हणजे हिवाळ्याची किमची घालणं. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणाला जशा बायका जमतात, तसं घर जमतं. २०१३ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शेजारी एक आजी राहायच्या. लिफ्टमध्ये भेटल्या की "बाप मोगोस्सोयो?" विचारायच्या. बाप म्हणजे भात. जेवलात का? त्यांनी मला बोलावलं.

मीठ लावून निथळलेल्या पत्ताकोबीच्या वीस-वीस किलोच्या पेट्या आणलेल्या, त्यांची ती लांबट कोबी. जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, लाल मोठी घमेली, सगळ्यांच्या हातात रबरी मोजे. मुळ्याचा कीस, तिखट, लसूण, आलं, चिकट तांदळाची खळ, आणि मग जोत्गाल. आजींनी ते ओतण्याआधी माझ्याकडे बघितलं, एका लहान घमेल्यात थोडा मसाला बाजूला काढला आणि त्यात मीठ आणि सोया सॉस घातला. कोबीचं पान पान उचलून आत मसाला चोळायचा, देठाकडे जास्त, टोकाकडे नुसता हात पुसल्यासारखा, आणि शेवटचं बाहेरचं पान सगळ्याभोवती गुंडाळायचं. माझी पहिली दोन सैल झाली. आजींनी ती सोडून पुन्हा बांधली. कार्तिकी होऊन गेली होती, लसूण चालणार होता. दुपारपर्यंत बोटं मोज्यांच्या आतही झणझणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर डबा टेकवलेला होता. झाकणावर कागदाची पट्टी, पेन्सिलीने लिहिलेली. आजींचा नातू पहिलीत होता, अक्षर त्याचं हे बघताक्षणी कळलं. पहिलीच्या मुलाचं अक्षर कुठल्याही लिपीत तसंच असतं, सुरुवातीला मोठं आणि जागा संपेल तसं दाटीचं. लेक कामाला गेली होती. मी चष्मा लावून वाचलं. पहिल्या ओळीत इन्दो हाल्मोनी, हिंदुस्थानातली आजी. दुसऱ्या ओळीत जोत्गाल नाही. जोतच्या तळाला स हवा होता. पोराने ऐकलं तसं लिहिलं होतं, त.